धुराची तारीख

खामगाव, ता. २२ नोव्हेंबर १९३१

ती. भगवानरावदादा यांस, निवृत्तीचा नमस्कार.

अक्षर पाहून तुमच्या आशाबाईनं तुम्हाला सांगितलंच असेल पत्र कोणाचं आहे ते. ऐकून घ्यायचं की चुलीत टाकायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही खामगाव सोडून साखरखेर्ड्याला गेलात त्याला पावणेदोन वर्षं होत आली. तेवढ्यात मी एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितो ती स्वतःच्या कामासाठी. हे मला समजतं.

दादा, मी आजारी आहे. चार शब्द बोललो की दम लागतो. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून बसतो. लिहायला मात्र श्वास लागत नाही, म्हणून हल्ली शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं लिहून देतो. दसऱ्याला कापसाच्या प्रेसनं मला आगीच्या बंबावरून कमी केलं. त्यांचंही खरं आहे. आठ माणसांनी दांड्या मारायच्या त्या हातबंबावर सात माणसं आणि एक खोकणारा, हे कसं चालेल. आमची शालूबाई रुई निवडायला जिनावर जाते, त्यावर घर चाललं आहे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झाली आहेत, ही आता पुरती बरी व्हायची नाहीत. मग त्यांनीच मला नीळकंठराव वकिलांकडे पाठवलं. वकील भला माणूस आहे. कामावर इजा झालेल्याला भरपाई मिळायचा सरकारी कायदा आहे, बंबावरची माणसंही त्यात येतात, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं, चला, मार्ग निघाला.

पण त्या कायद्यात रोगांची एक यादी आहे. शिशाचं विष आहे, फॉस्फरसचं आहे, कातडी आणि लोकर हाताळणाऱ्यांचा एक ताप आहे. धूर नाही. मी विचारलं, मग आम्ही काय करायचं? वकील म्हणाले, "यादीत नसेल तर अपघात दाखवावा लागतो. ही फुप्फुसं कोणत्या दिवशी गेली?"

मला हसू आलं, आणि हसण्यानं खोकला आला. म्हटलं, "साहेब, बारा हंगाम धूर गिळला."

"बारा हंगाम कायद्याला कळत नाहीत. एक दिवस सांगा. तारीख सांगा."

आम्ही ९ मार्च १९३० ही तारीख घातली. डॉक्टरांचंही म्हणणं तेच, की एवढी खोल इजा एखाद्या दिवशी कोंडलेला गरम धूर छातीत गेल्यानंच होते. गोदामाच्या आगीचा तो दिवस तुम्हाला सांगायला नको. अर्ज उशिराचा आहे, पण दुखणं मागून उघडं पडलं म्हणून बुलढाण्याचे भरपाईचे साहेब तो घेतील असं वकिलांना वाटतं. अडचण एवढीच की त्या दिवसाच्या चौकशीच्या कागदांत फक्त आपल्या बंबावरचा तुळशीराम मेल्याचं लिहिलं आहे. मला बेशुद्ध बाहेर काढलं, हे कुठंच लिहिलेलं नाही. काढलं तुम्ही. खांद्यावर घालून विहिरीपाशी आणून टाकलं, ते पाहणारे तुमच्याशिवाय दोघे होते. एक नागपूरकडे गेला, एक वारला.

तेवढं साहेबांपुढे सांगायला बुलढाण्याला याल का? बाकी कागदावर जे आहे ते आहे, त्याला हात लावायची गरज नाही. चौकशीत कोण काय बोललं ते आता उगाळण्यात अर्थ नाही. त्या वेळी माणूस सुचेल ते बोलतो.

वहिनींना नमस्कार. आशाबाईला आशीर्वाद.

आपला,
निवृत्ती


खामगाव, ता. १३ डिसेंबर १९३१

ती. दादा यांस,

तुमचं उत्तर नाही. पण परवा माझा चुलतभाऊ उकंडराव जानेफळहून कापसाची गाडी घेऊन इथल्या बाजारात आला, आणि उतरल्या उतरल्या त्यानं एक गाठोडं माझ्यापुढं ठेवलं. साखरखेर्ड्याहून एका गाडीवाल्यानं त्याच्याकडे पोचवलं होतं म्हणे. उघडलं तर अडुळशाची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आणि गुळाची ढेप. कौशल्यावहिनींचा निरोप होता, पानं वाफवून रस काढायचा, गूळ घालून सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, वरून गार पाणी प्यायचं नाही.

घेतो आहे. दोन रात्री जरा डोळा लागला. वहिनींना सांगा, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या सांगण्यावरून पाठवलं की तुम्हाला न सांगता, ते मी विचारत नाही.

शालूबाई ती पानं धूत होती. मग एकदम म्हणाली, "ज्याचं घर उठलं त्याच्या घरून औषध येऊन राह्यलं. तुम्ही त्याईले पत्रात काय लिहिलं?"

म्हटलं, "साक्षीला या म्हणून लिहिलं."

"अन् बाकीचं?"

मी खोकल्याचं निमित्त केलं. दादा, मी तिला कधीच काही सांगितलेलं नाही. पण दोन वर्षं ज्याच्या उशाशी बसून काढली त्याच्या झोपेतल्या बडबडीतून बाई काय काय गोळा करते, कुणास ठाऊक.

दिवसभर बसून राहायचं म्हणजे जुनं आठवतं. मी जानेफळहून आलो तेव्हा मला बंब म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्या दिवशी मला रुईच्या एका गाठीपुढं उभं केलं. वरून दुधासारखी पांढरी. म्हणालात, "हात लाव." मी लावला, गार होती. मग तुम्ही कोयत्यानं पट्टी तोडून ती फोडली, आणि आत कुंभाराच्या भट्टीसारखं लाल निघालं. म्हणालात, "कापसाची आग आत बसते बे. वरून इझली म्हणून घरी जाणारा माणूस माह्या बंबावर नोको." त्या हंगामात तुम्ही मला ओलं फडकं तोंडाला कसं बांधायचं, भुईला नाक लावून कसं सरकायचं, ते हात धरून शिकवलं. तुम्हाला लिहिता येत नव्हतं म्हणून बंबखान्याची वही मी लिहायचो. लोकांपुढं तुम्ही म्हणायचात, आमचा निवृत्ती शाळामास्तरासारखं लिहितो. मला त्याचा फार अभिमान होता.

तुमच्या त्या शिकवण्यामुळं मी बारा हंगाम जिवंत बाहेर आलो. हे तोंडानं कधी म्हणालो नव्हतो.

एक विचारू का? चौकशीत तुम्ही गप्प का बसलात? नाही, राहू द्या. मी हे विचारणारा कोण.

निवृत्ती


खामगाव, ता. ३ जानेवारी १९३२

आशाबाई,

हे पत्र तुझ्या बाबांना आहे, पण वाचणार तू, म्हणून आधी तुला सांगतो. पुढचं वाचणं तुला जड जाईल. माझा राग येईल, तो यायलाच पाहिजे. पण एक शब्दही गाळू नको. जवळ कौशल्यावहिनी असतील तर त्यांनाही ऐकू दे.

दादा, तुम्ही त्या दिवशी आम्हाला पुन्हा आत जा म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "सगळे बाहेर या. आता कोणी आत जाचं नाई. छप्पर बसून राह्यलं."

हे मी ऐकलं होतं. चांगलं ऐकलं होतं. माझ्यासोबत आणखी चौघांनी ऐकलं आणि सगळे बाहेर आले. मीही आलो. विहिरीपाशी येऊन फडकं सोडलं, तेव्हा ध्यानात आलं की नळीचं पितळी तोंड गोदामात राहिलं. धुरात नळीला हिसका बसला तेव्हा ते सुटलं होतं. आदल्या हंगामात एक तोंड असंच गेलं होतं आणि प्रेसनं ते माझ्या पगारातून कापलं होतं. त्या वर्षी आमच्याकडे दोन महिने डाळ शिजली नव्हती. मला वाटलं, दाराजवळच असेल, श्वास धरून जातो आणि आणतो. तुम्ही पाठमोरे होतात, दांड्यांवरच्या माणसांना ओरडून सांगत होतात. मी गेलो.

दाराजवळ नव्हतं. मी आणखी आत गेलो. धुरात दिशा गेली. भुईला नाक लावलं तर भुईही तापलेली. मग माझ्या पायाला कोणीतरी धरलं. तुळशीराम होता. तो मला न्यायला आला होता. त्यानं एक शिवी घातली आणि मला ओढत दाराकडे ढकललं. त्याच्या हाताचा तो धक्का मला अजून पाठीत जाणवतो. वरच्या गाठी खाली आल्या त्या माझ्या मागं आल्या, त्याच्यावर आल्या. पुढचं मला आठवत नाही. पुढचं तुम्हाला माहीत.

चौकशीच्या दिवशी दाराबाहेर बसलो होतो. प्रेसचा एक कारकून बिडी ओढत सहज म्हणाला, तुळशीराम हुकूम मोडून गेला असेल तर त्याच्या बायकोला काही मिळायचं नाही, कायदाच तसा आहे. मला आत बोलावलं. विचारलं, आत कोणाच्या हुकमानं गेलात? मी म्हणालो, जमादाराच्या. म्हणजे तुमच्या. बाकीच्या माणसांना हे कोणी विचारलंच नाही.

मी स्वतःला पुष्कळ सांगितलं की तुळशीरामच्या मंजुळाबाईसाठी बोललो. ते खोटं नाही. पण खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती, हेही त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं होतं. दोन्ही कारणं होती. त्यातलं मोठं कोणतं ते मला ठाऊक आहे.

मंजुळाबाईला भरपाई मिळाली. तुम्हाला काढून टाकलं. माणूस मरायला आत धाडला, असं तुमच्याबद्दल सगळा बाजार बोलला. तुम्ही सामान गाडीत भरलंत त्या सकाळी मी कामावर होतो. सुटी मागितली असती तर मिळाली असती.

आणि नोव्हेंबरात मी तुम्हाला काय लिहिलं? की कागदाला हात लावायची गरज नाही. म्हणजे तुम्ही साहेबांपुढं यायचं, मला वाचवल्याचं सांगायचं, आणि आपल्या माथ्यावरचं ते तसंच ठेवून परत जायचं. अडुळशाचा रस घेताना रोज सकाळी मला ते वाक्य आठवतं.

तुम्ही येऊ नका. म्हणजे, येऊ नका असं म्हणण्याचा हक्क मला आहे असं नाही. पण माझ्यासाठी येऊ नका. मी दावा पुढं नेईन की नाही तेही अजून ठरलेलं नाही. एवढंच ठरलं आहे की त्या साहेबांपुढं उभा राहिलो तर हे सगळं सांगेन.

निवृत्ती


खामगाव, ता. २४ जानेवारी १९३२

ती. दादा यांस,

आशाबाईच्या हातचं कार्ड पावलं. "पत्र वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं. बाबा म्हणाले, तारीख कळवा." एवढंच. मी ते कार्ड पाच-सहा वेळा उलटसुलट करून पाहिलं, आणखी काही लिहिलंय का म्हणून. मग शालूबाईला वाचून दाखवलं. तिला आता सगळं माहीत आहे. तुम्हाला पत्र टाकलं त्याच दिवशी मी तिला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "मंजुळाबाईले कोण सांगीन?"

मंजुळाबाई तिच्याच जिनावर आहे, दोघी एका ओळीत बसून रुई निवडतात. गेल्या रविवारी शालूबाई तिला घरी घेऊन आली. दादा, धुरात जाताना जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या बाईला दारातून येताना पाहून वाटली. मी सांगितलं. मधे मधे थांबावं लागलं, दमानं.

सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे त्याले कोणी आत धाडलं नाई?"

"नाही."

"तुमच्या मांगं तो आपल्या मनानं गेलता?"

"हाव."

"तुमाले आणाले?"

"हाव, बाई."

तिनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "दोन वर्सं मी त्या जमादाराले शिव्या देल्ल्या. अन् माह्या माणसाले मनात म्हणे, कोणी जा म्हटलं अन् बैलावानी गेला. तो तसा नवता ना मंग." पदरानं तोंड पुसलं. "आणलं ना त्यानं तुमाले. आता बसून खोकत राहू नका. तुमाले आणाले माणूस गेला आहे, दाव्याचं पाहा."

मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "ते मले आज नाई जमाचं. पुढं पाहू." हे तिनं रागानं म्हटलं नाही. शालूबाईनं भाकरी वाढली ती तिनं खाल्ली, आणि जाताना मला उठू दिलं नाही.

उंबऱ्यापाशी थांबून तिनं आणखी एक सांगितलं. गाव सोडायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिच्या घरी गेला होता. तिनं दार लावून घेतलं होतं, तर तुम्ही बाहेरून म्हणालात, "बाई, तुमचा दावा लागू द्या. तंवर मी काई बोलत नाई." तिला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. वाटलं, धमकी आहे.

मला आता लागला. म्हणजे तो बिडीवाला कारकून बोलला ते तुम्हालाही ठाऊक होतं. मी जे अर्धं भीतीनं केलं ते तुम्ही पूर्ण तिच्यासाठी केलंत, आणि वर माझं खोटंही झाकलंत. मी दोन वर्षं समजत होतो की तुम्हाला उत्तर सुचलं नाही.

वकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "निवृत्ती, प्रेसच्या विमा कंपनीचा वकील समोर असणार. हुकूम मोडून गेलो असं तुम्हीच म्हणालात तर दावा तिथंच संपतो." मी विचारलं, मंजुळाबाईला मिळालं ते परत जाईल का? ते म्हणाले, नाही, तो निकाल कधीच पक्का झाला. मग मी म्हटलं, मला दुसरं काही विचारायचं नाही. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी कागद आवरले आणि मला पाणी दिलं. फी त्यांनी पहिल्या दिवसापासून मागितलेली नाही.

माणसं माझ्याशी इतकी चांगली का वागतात, दादा, मला कळत नाही.

निवृत्ती


खामगाव, ता. ११ फेब्रुवारी १९३२

ती. दादा यांस,

तारीख लागली. २६ फेब्रुवारी, बुलढाणा कचेरी, सकाळी अकरा.

तुम्ही कळवा म्हणालात म्हणून कळवलं. चिखलीपर्यंत गाडी, पुढं मोटार, तुमच्या गुडघ्याला ते सोसणार नाही. नाही आलात तरी मी जे सांगायचं ते सांगणार आहे, आणि माझ्या मनात तुमच्याबद्दल उपकाराशिवाय काही राहणार नाही.

निवृत्ती


खामगाव, ता. १७ एप्रिल १९३२

चि. आशाबाई आणि ती. कौशल्यावहिनी यांस,

हे पत्र मुद्दाम तुम्हा दोघींच्या नावानं आहे. निकाल काल हाती आला, त्याची शिक्क्याची नक्कल सोबत जोडली आहे. दावा मान्य झाला. आमचं घर चालेल, आणि पुढल्या हंगामात शालूबाईला जिनावर जावं लागणार नाही. पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दादांना मी बारा वर्षं ओळखतो. बुलढाण्याला काय झालं हे त्यांनी घरी सांगितलं नसणार. "झालं काम," एवढंच म्हणाले असतील. म्हणून मी सांगतो.

मला वाटलं होतं ते येणार नाहीत. अकरा वाजून गेले, माझं नाव पुकारलं. डॉक्टरांची साक्ष आधी झाली, ती चांगली झाली. मग मी उभा राहिलो. साहेबांनी मला दम लागतो हे पाहून बसायला स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. जमादार बाहेर या म्हणाले होते, मी ऐकलं होतं, नळीच्या तोंडासाठी गेलो, चौकशीत खोटं बोललो. आमचे वकील खाली पाहत होते. विमा कंपनीचा वकील उठला तो जवळजवळ हसतच. म्हणाला, हुजूर, आता मला विचारायला काही उरलं नाही, अर्जदारानं स्वतःच कबूल केलं की सुरक्षिततेसाठी दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला.

मी मान खाली घालून बसलो होतो. खरं सांगू, मला हलकं वाटत होतं. दावा गेला हे धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात शिपायानं दारातून विचारलं, एक म्हातारा आला आहे, आत सोडू का? मी वर पाहिलं. दादा होते. धोतर धुळीनं भरलेलं, हातात काठी. शिपाई ती बाहेर ठेवा म्हणाला, तर त्याच्याकडे देऊन भिंत धरत आत आले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शपथ झाली. आमच्या वकिलांनी विचारलं, ९ मार्चला याला तुम्ही बाहेर काढलं का? दादा म्हणाले, "काढलं. डोळे उलटे झालते. तोंडातून काळा फेस येऊन राह्यलता."

मग तो दुसरा वकील उठला. "तुम्ही बाहेर या असा हुकूम दिला होता, हे खरं का?"

"खरं."

"यानं तो मोडला?"

दादांनी साहेबांकडे तोंड वळवलं. म्हणाले, "साहेब, त्या दिवशी हुकूम दोन होते."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "दोन कसे?"

"एक मी तोंडानं देल्ला, बाहेर या. दुसरा बंबखान्याच्या भितीवर लावेल होता. नळीचं तोंड हरपलं त ज्याच्या हाती होतं त्याच्या पगारातून कापू. मले वाचता येत नाई. तो कागद आला तवा मी यालेच वाचाले लावला, सगळ्या माणसाईपुढं. त्या हंगामात याचाच पगार कापला. माह्या तोंडचा हुकूम एका घडीचा, तो कागद दोन वर्सं भितीवर. यानं एक मोडला अन् एक पाळला. आता यानं जाणून मोडला का नाई, ते तुमी ठरवा. मी जमादार होतो, तो कागद फाडून टाकाले पाह्यजे होता, म्यां नाई फाडला."

विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "याच माणसामुळं तुमची नोकरी गेली ना? मग त्याच्या बाजूनं का बोलता?"

"मी कोणाच्या बाजूनं नाई बोलून राह्यलो," दादा म्हणाले. "त्या दिवशी काय झालं ते सांगून राह्यलो."

"मग चौकशीत का सांगितलं नाही?"

"तवा एका बाईचा दावा लागाचा होता."

साहेबांनी तो भिंतीवरचा कागद प्रेसकडून मागवायचा हुकूम केला आणि काम पुढं ठेवलं. कागद आला, प्रेसनं तो लपवला नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यावरून निकाल झाला, की मी हुकूम जाणूनबुजून मोडला असं धरता येत नाही.

आशाबाई, नक्कल इंग्रजीत आहे. वकिलांनी मला तिसऱ्या पानाचा अर्थ सांगितला तो मी खाली लिहितो. चावडीवर, देवळात, जिथं जिथं तुझ्या बाबांबद्दल कोणी काही बोललं असेल तिथं तो वाचून दाखव: "माणसांना बाहेर बोलावण्याचा हुकूम जमादार भगवानराव यांनी योग्य वेळी दिला होता. तुळशीराम याच्या मृत्यूचा दोष त्यांच्याकडे येत नाही. तो आपल्या सोबत्याला वाचवताना मेला." शेवटची ओळ मी मंजुळाबाईकडे जाऊन वाचली. तिनं ती दोनदा वाचायला लावली.

आता बुलढाण्याचं राहिलेलं सांगतो. काम संपल्यावर मी कचेरीच्या पायरीवर दम खात बसलो होतो. दादा शिपायाकडून काठी घेऊन बाहेर आले आणि माझ्यापुढं उभे राहिले. म्हणाले, "ऊठ. मोटार सुटीन."

कचेरीपासून मोटारअड्डा लांब नाही, पण मधे चढ आहे. मला वीस पावलांवर थांबावं लागतं, आणि थांबायची लाज वाटते. दादा माझ्या पुढं अर्धं पाऊल चालत होते. पंधरा पावलं झाली की ते थांबायचे, वाकून आपली वहाण पाहायचे, अंगठा नीट करायचे, मग पुढं. पुन्हा पंधरा पावलं, पुन्हा वहाण. वहाणेला काही झालेलं नव्हतं, आशाबाई. मी नीट पाहिली. सगळ्या चढावर त्यांनी आधी थांबायची पाळी माझ्यावर एकदाही येऊ दिली नाही.

वर आल्यावर मी म्हटलं, "दादा, माह्या हातून—"

"श्वास जपून वापर बे," ते म्हणाले. "घाट आहे पुढं."

म्हणून जे तेव्हा बोलता आलं नाही ते इथं लिहितो, आणि तू ते त्यांना वाचून दाखव. मी जे त्यांचं घेतलं ते परत देता येणारं नाही. नोकरी, दोन वर्षं, गावातलं नाव. तरी ते आले. मी खरं बोललो म्हणून आले असंही नाही. मी खरं लिहायच्या आधीच अडुळसा आला होता. एवढं चांगुलपण माझ्या वाट्याला आलं याबद्दल मी कोणाचे आभार मानू, तेच समजत नाही. म्हणून सगळ्यांचे मानतो. तुळशीरामचे रोज मानतो.

खामगावची मोटार भरलेली होती. मागच्या बाकावर दाटी, वर पोत्यांची धूळ. दादांनी आत डोकावून पाहिलं आणि मला दंडाला धरून पुढं नेलं. ड्रायव्हरशेजारी एक सावकारी पगडीवाला बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारबा, पुढची जागा भरली. दादांनी काठी मोटारीच्या पायरीवर ठेवली आणि त्या पगडीवाल्याला म्हणाले, "तुमी जरा मांगं बसा, मालक. याले हवा लागते. हा माह्या बंबावरचा माणूस आहे."

तुमचा,
निवृत्ती